वेळेआधी कॅल्शियम, वेळेनंतर चीक: तापीकाठच्या एका गायीचं बाळंतपण

जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं बागायती गाव. घरी एकच दुभती गाय. गीर-जर्सी संकरित, तिसऱ्या वेताला आलेली, वजन अंदाजे ३८० किलो, मागच्या वेतात भरात असताना दिवसाला ११ लिटरपर्यंत गेलेली. दूध घरच्या चहाला आणि नातवंडांना, उरलेलं शेजारच्या दोन घरी रतिबाला. गोठा पत्र्याचा. देखभाल आजी आणि सुनेकडे, चारा आणायचं काम मुलाकडे.

या घरात गायीची हेळसांड कुणी केली नाही. कॅल्शियमची बाटली आणली, हिरवं खायला घातलं, चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) काढला, उन्हात पाणी मारलं. तरी पहिल्या दीड दिवसात कालवड मलूल पडली आणि गाय उठेना. दिलेल्या बहुतेक गोष्टी बरोबरच होत्या, वेळा मात्र उलट्या झाल्या. म्हणून हे प्रकरण तारीखवार पाहणं सोयीचं.

तारीख आणि आटवण

कृत्रिम रेतन १४ ऑगस्टला झालं होतं. गायीचा गाभणकाळ सरासरी २८० दिवसांचा. गिरीचं रक्त जास्त असेल तर चार-पाच दिवस वर जातात. हिशेबाची सोपी रीत म्हणजे रेतनाच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. म्हणजे २१ मे. खानदेशात मेमध्ये पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि अशा उष्णतेच्या ताणाखाली गाय चार-सहा दिवस आधी व्यायची शक्यता वाढते. तयारी १० मेलाच पुरी हवी होती.

विण्याच्या आधी ६० दिवस गाय आटवायची, म्हणजे २२ मार्चला दूध बंद. या घरी गाय तेव्हाही तीन लिटर देत होती आणि रतीब तोडायला जीव होईना, म्हणून १२ एप्रिलपर्यंत धार काढली. कोरडा काळ मिळाला ३४ दिवसांचा. कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी या काळात झडून नव्याने घडतात आणि चिकातली प्रतिद्रव्यं शेवटच्या काही आठवड्यांत कासेत साठतात. ४० दिवसांपेक्षा कमी सुट्टी मिळाली की चीक कमी भरतो आणि पुढच्या वेताचं दूधही घटतं. तीन आठवड्यांचं तीन-तीन लिटर दूध मिळवायला पुढचे आठ-नऊ महिने रोज थोडं थोडं दूध गमावायचं, हा व्यवहार तोट्याचाच.

आटवायची पद्धतही सांगायला हवी, कारण बरेच जण एक वेळ सोडून, मग एक दिवस सोडून, महिनाभर रेंगाळत आटवतात. अर्धवट भरलेली आणि अधूनमधून पिळलेली कास म्हणजे कासदाहाला आमंत्रण. दूध पाच लिटरच्या आत असेल तर आठवडाभर ढेप आणि भरडा बंद करायचा, हिरवं कमी करून कडब्यावर ठेवायचं आणि ठरल्या दिवशी शेवटची धार पूर्ण निपटून एकदम थांबायचं. पाणी तोडायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडून चारही सडांत कोरड्या काळासाठीच्या ट्यूबा सोडून घ्याव्यात. कास दोन-तीन दिवस तट्ट फुगते. ते पाहून पुन्हा पिळायला बसू नये, दाबामुळेच दूध बनणं थांबतं. कास गरम, लाल किंवा दुखरी झाली तरच डॉक्टरांना दाखवायचं.

शेवटचे तीन आठवडे: केळीचं खांब आणि बाटली

एप्रिल-मेमध्ये हिरवा चारा मिळत नाही, पण केळीपट्ट्यात घड कापल्यावर खांबं फुकट पडलेली असतात. या गायीला रोज १५ किलोच्या आसपास चिरलेलं खांब मिळत होतं. त्यात बहुतांश पाणी, प्रथिनं नावालाच. पोट फुगलेलं दिसतं, जनावर खाल्ल्यासारखं वाटतं आणि पोटातल्या वासराच्या वाढीला हातभार लागत नाही. शिवाय केळीत पोटॅशियम भरपूर. विण्याच्या तोंडावर पोटॅशियमचा मारा झाला की हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा मंदावते. चार-पाच किलो खांब चवीपुरतं ठीक, पण त्यावर शेवटचा महिना काढू नये.

त्यातच २० एप्रिलपासून घरच्यांनी कॅल्शियमचं औषध रोज १०० मिली सुरू केलं. गाभण गायीला कॅल्शियम हवं, हे ऐकून माहीत होतं. खरं तर शेवटच्या तीन आठवड्यांत वरून कॅल्शियम देणं, लसूणघास भरपूर घालणं किंवा पाण्यात चुना टाकणं हे सगळं उलट पडतं. आयतं कॅल्शियम मिळत राहिल्यावर हाडांतून ते सोडवायची शरीराला गरज उरत नाही. व्याल्यावर चिकाच्या एका लिटरामागे दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम निघून जातं आणि रक्तात एका वेळी फिरतं ते जेमतेम दोन-तीन ग्रॅम. थंडावलेली यंत्रणा पुन्हा चालू व्हायला दोन-तीन दिवस लागतात. ते दोन-तीन दिवसच धोक्याचे, आणि तिसऱ्या वेतापासून हा धोका वाढत जातो. पहिलारू कालवडीत तो क्वचितच दिसतो.

३८० किलोच्या गायीला या काळात काय हवं होतं? दादर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी ५ ते ६ किलो, मका किंवा ज्वारीचा हिरवा चारा जमेल तेवढा, १५ किलोपर्यंत. सरकी ढेप आणि मक्याचा भरडा मिळून दीड किलोपासून सुरू करून दोन किलो, म्हणजे व्याल्यावर वाढणाऱ्या खुराकाची पोटाला सवय होते. खनिज मिश्रण ५० ग्रॅम. पाणी पुढ्यात सतत, कारण मेमध्ये अशी गाय दिवसाला ६० ते ८० लिटर सहज पिते. ढेप फोडून पाहावी. आत काळी-हिरवी बुरशी किंवा कुबट वास असेल तर ती गाभण गायीला नाहीच, इतर जनावरांनाही नाही.

जागा

निदान १० बाय १२ फुटांची मोकळी जागा, खाली मुरूम, वर सहा इंच कोरडा भुसा किंवा कुट्टी. शहाबादी फरशीवर ओल झाली की व्यालेली गाय घसरते आणि मागचे पाय फाकून बसली की ती उठवणं फार अवघड. मूळ जमीन खरवडून चुना भुरभुरायचा तो आठवडाभर आधी, विण्याच्या दिवशी नाही. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर टाकून सकाळ-दुपार पाणी मारलं की आतल्या तापमानात जाणवेल इतका फरक पडतो. पश्चिमेला ओलं गोणपाट लावावं, पण वारा खेळता ठेवून. चारही बाजू बंद केल्या तर दमटपणाने गाय जास्त धापा टाकते. या घरी ही सगळी बाजू उत्तम होती. गोठ्याच्या कामात मुलाने कसूर केली नाही.

हाताशी ठेवायचं सामान थोडंच: ताप मोजायचं थर्मामीटर, ७ टक्के टिंचर आयोडीन, उकळलेला जाड दोरा, स्वच्छ कात्री, साबण, गोडेतेल, दोन कोरडी गोणपाटं, निपल असलेली बाटली आणि डॉक्टरांचा नंबर. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही गोठ्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवावा. रात्री तीन वाजता मोबाइलमध्ये शोधत बसायची वेळ नसते.

१६ मेची पहाट

आदल्या दिवशी चिन्हं स्पष्ट होती. कास चकचकीत, सड मेणचट. शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना खोल खड्डे पडलेले आणि तिथे बोट दाबलं तर एरवीची ताठ दोरी लागत नाही. योनीतून जाड चिकट स्राव. सकाळी मोजलेलं तापमान रोजच्यापेक्षा एक अंश फॅरनहाइटने उतरलेलं, आणि ते उतरलं की साधारण चोवीस तासांत गाय व्यायते. दुपारच्या उन्हात मोजलेला आकडा यासाठी निरुपयोगी. चार-पाच दिवस रोज पहाटे एकाच वेळी मोजलं तरच घट कळते.

गाय रात्री ऊठबस करू लागली. २ वाजून ५० मिनिटांनी पाणमोट (पाण्याची पिशवी) दिसली. सव्वातीनला दोन खुर आणि त्यावर नाक. ३ वाजून ४० मिनिटांनी कालवड बाहेर. कुणीही ओढलं नाही, आणि तेच योग्य. आधी दोन-तीन वेळा व्यालेल्या गायीची पाणमोट दिसल्यावर तासाभरात काहीच पुढे सरकलं नाही, तरच हालचाल करायची. पहिलारूला दोन तास द्यावेत. एकच पाय आला, नाक आलं पण पाय नाहीत, नुसती शेपूट लागली, किंवा खुरांचे तळवे आकाशाकडे आहेत, तर तासभर थांबणंही नको, लगेच डॉक्टर. पाय पुढचे की मागचे हे सांध्यांवरून कळतं. खुरावरचे पहिले दोन सांधे एकाच दिशेने दुमडत असतील तर पुढचे, उलटसुलट दुमडत असतील तर मागचे. ओढायचीच वेळ आली तर दोन माणसांपेक्षा जास्त जोर नको, तेल लावून, फक्त गाय कळ देईल तेव्हा, आणि डोकं बाहेर आल्यावर खाली गायीच्या मागच्या खुरांच्या दिशेने.

सुनेने कालवडीच्या नाका-तोंडातला चिकटा बोटाने काढला, नाकपुडीत काडी फिरवून शिंक आणवली, गोणपाटाने रगडलं आणि गायीसमोर ठेवलं. चाटण्याने रक्ताभिसरण वाढतं, वासरू सुकतं, आणि गायीची ओळखही पटते. नाळ आपोआप तुटली होती. अडीच इंचांवर दोरा बांधून छोट्या वाटीत आयोडीन घेऊन ती पूर्ण बुडवली, पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच. शेण, राख किंवा हळद-तेल लावलेली नाळ पिकते, त्यातून गुडघे सुजतात आणि वासरू लंगडतं. इथवर सगळं नमुनेदार झालं.

जार आणि चीक

मग आजीने जाराचा, म्हणजे व्याल्यावर पडणाऱ्या वारेचा, जुना नियम सांगितला: "जार पडत नही तोपावत वासरूले चीक देवानं नही." कालवड बाजूला बांधली. हा समज खानदेशातच नाही, राज्यभर आहे. मागची कल्पना अशी की चीक काढला तर गायीची ताकद जाते आणि जार आत राहतो. शरीरात घडतं ते याच्या विरुद्ध. वासराने सड ओढला की ऑक्सिटोसिन स्रवतं, त्याने पान्हा सुटतो आणि गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणजे वासरू पाजलं तर जार पडायला मदतच होते.

वासराचं नुकसान मात्र भरून न येणारं. गायीच्या जारातून प्रतिद्रव्यं पोटातल्या वासराला मिळत नाहीत, वासरू रोगप्रतिकाराच्या बाबतीत रिकामं जन्मतं. ती सगळी चिकातून मिळतात आणि ती जशीच्या तशी रक्तात घ्यायला आतड्याचं दार थोडा वेळच उघडं असतं. पहिल्या सहा तासांत सर्वांत जास्त, मग घटत घटत चोवीस तासांत बंद. पहिला चीक उत्तम तासाभरात, उशिरात उशिरा दोन तासांत गेला पाहिजे. कालवडीचं वजन २४ किलोच्या आसपास होतं. तिला तासाभरात सव्वा लिटर, सहा तासांच्या आत आणखी सव्वा लिटर आणि बारा तासांच्या आत एक लिटर मिळायला हवा होता.

प्रत्यक्षात आठ वाजेपर्यंत ती उपाशी होती. मान टाकलेली, तोंड गार, बोट चोखायचा जोर कमी. मुलाने डॉक्टरांना फोन केला, त्यांनी जाराची वाट न पाहता लगेच पाजायला सांगितलं. ८ वाजून २० मिनिटांनी पहिला चीक गेला, बाटलीने, मान पाठीच्या रेषेत ठेवून. मान वर ताणून ओतलं तर चीक फुप्फुसात जातो. साडेदहाला जार पडला, म्हणजे विण्यानंतर सात तासांच्या आत, अगदी नेहमीच्या वेळेत. थांबण्याचा जाराला काही उपयोग झाला नाही, कालवडीचे पहिले साडेचार तास मात्र गेले.

जार बारा तासांत पडला नाही तर तो अडकला असं धरून डॉक्टरांना कळवायचं. लोंबत्या जाराला वीट किंवा चप्पल बांधणं आणि हात घालून ओढणं दोन्ही वाईट, आतल्या गाठींवर तुकडे राहतात आणि गर्भाशय सडतं. जमिनीवर घासत असेल तर गुडघ्याच्या पातळीला कापून टाकावा, एवढंच. पडलेला जार गायीला खाऊ देऊ नये, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ नये. वड-उंबरासारख्या चीक गळणाऱ्या झाडाला टांगायची पद्धत काही गावांत अजून आहे, पण त्यापेक्षा तीन फूट खड्डा आणि वर चुना बरा. उघड्या हाताने धरू नये, सांसर्गिक गर्भपाताच्या (ब्रुसेलोसिस) जंतूंची लागण माणसालाही होते.

खरवस आणि गायीचं बसणं

त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ लिटर चीक निपटून काढला आणि पाच घरी खरवस गेला. खरवस वाटणं चांगलंच. पण तो आपोआप घट्ट होतो तो ज्या प्रथिनांमुळे, त्यांतच वासराची प्रतिद्रव्यं असतात. पहिल्या धारेचा चीक वासराचा. त्यातला अर्धा-एक लिटर जास्तीचा स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजरला ठेवला तर पुढे आईविना राहिलेल्या एखाद्या वासराला जीवदान मिळतं. वितळवायचा तो कोमट पाण्यात बाटली ठेवून, उकळायचा नाही. खरवसासाठी दुसऱ्या दिवशीची धार पुरते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ज्या गायीच्या रक्तातलं कॅल्शियम आधीच काठावर आहे, तिची कास पहिल्या दिवशी पूर्ण रिकामी केली की उरलंसुरलंही निघतं. पहिले दोन दिवस वासरापुरतं आणि कासेचा ताण हलका होईल इतकंच काढावं.

१७ मेच्या पहाटे गाय मागच्या पायांत डोलत होती, दात खात होती. अकराच्या सुमारास बसली आणि उठेना. बाहेर ४३ अंश, त्यामुळे घरच्यांनी ऊन लागलं असं ठरवलं. अंगावर पाणी मारलं आणि बांबूच्या नळकांड्याने कैरीचं पन्हं पाजायचा प्रयत्न केला. बहुतेक सांडलं, हे नशीब. या अवस्थेत गिळण्याची क्रिया मंद असते आणि तोंडात ओतलेलं थेट फुप्फुसात उतरून जनावर दगावू शकतं.

ऊन लागणं आणि दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून गाय बसते तो आजार, यांची गल्लत खानदेशात मेमध्ये हमखास होते, म्हणून फरक नीट लक्षात ठेवावा. ऊन लागलेली गाय धापा टाकते, तोंड उघडं, लाळ गळते, गुदद्वारातलं तापमान १०४ ते १०७ फॅरनहाइट. दुग्धज्वराला नाव ज्वराचं, पण ताप नसतो. उलट तापमान उतरतं. गाय सुस्त, मान वळवून पोटाला लावलेली, नाकपुडी कोरडी, शेण थांबलेलं, कान आणि खुरांची टोकं गार. हवाच तापलेली असल्याने कान पुरेसा गार लागत नाही. अशा वेळी शेजारच्या बैलाचा कान धरून तुलना करायची. आणि थर्मामीटर असेल तर शंकेला जागाच नाही. या गायीचं तापमान भरलं ९९.६ फॅरनहाइट.

डॉक्टर येईपर्यंत तिला कुशीवर पडू द्यायचं नाही, दोन्ही बाजूंनी भुशाची पोती लावून छातीवर बसतं ठेवायचं, नाहीतर पोट फुगून श्वास कोंडतो. सावली करायची, तोंडात काही नाही. डॉक्टरांनी कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली अंगाच्या तापमानाला आणून, अर्धी शिरेतून हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत, आणि उरलेली कातडीखाली दिली. शिरेतून घाईने दिलेलं कॅल्शियम हृदय थांबवू शकतं, त्यामुळे हे काम घरी करायचं नाही. बाटली संपताना गायीने ढेकर दिली, नाकपुडीवर घामाचे थेंब आले, शेण टाकलं, आणि चाळीस मिनिटांत उभी राहिली. काही गायी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात, म्हणून पुढचे दोन दिवस तोंडावाटे कॅल्शियम जेल. घरातल्या बाटलीची खरी वेळ आता आली होती.

व्यालेल्या गायीला पाणी तोडायची पद्धतही या घरी होती. ती सोडावी. व्याल्याबरोबर २० ते ३० लिटर कोमट पाणी, त्यात अर्धा किलो गूळ, मग बाजरीची घुगरी थोडी थोडी. एकदम तीन-चार किलो शिजवलेलं धान्य घातलं की पोट आंबतं आणि खाणंच सुटतं.

कालवडीचे पुढचे दिवस

२४ मेला तिला पातळ, पांढरट-पिवळी हगवण लागली. चिकाच्या दिवसांतली चिकट पिवळी विष्ठा नैसर्गिक असते, चीक बंद करायचं ते कारण नाही. आठव्या दिवशीची दुर्गंधीयुक्त पातळ हगवण मात्र वेगळी, आणि चीक उशिरा मिळालेल्या वासरांत ती जास्त दिसते. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसत नसेल, डोळे खोल गेले असतील, तर पाणी कमी झालंय. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि तीन मोठे चमचे ग्लुकोज. असं दिवसात दोन लिटर, दोन-तीन वेळा विभागून, दुधाच्या वेळेपासून दोन तास दूर. दूध पूर्ण तोडायचं नाही, उपाशी वासरू हगवणीपेक्षा लवकर खचतं. ताप, रक्त किंवा उभं न राहणं दिसलं की डॉक्टर. इथे तीन दिवसांत आटोक्यात आलं.

दूध वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे सुरुवातीला रोज अडीच लिटर, दोन-तीन वेळांत. सडाला लावणाऱ्या घरी पान्ह्यापुरतं आधी सोडायचं, मग धार, आणि एक सड वासराला राखायचा. शेवटचं दूध सर्वांत जास्त फॅटचं असतं, त्यामुळे ‘शेवटी चाटू द्या’ एवढ्यावर भागवलं तर पोषण कमी आणि अपचन जास्त. रात्रभर गायीपाशी मोकळं सोडलं तर अतिपिण्याने हगवण. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर बारीक भरडा आणि कोवळं गवत, स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासूनच. जंताचं पहिलं औषध १० ते १४ दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मात्रा वजन सांगून डॉक्टरांकडून.

पाऊस पडला की गोचीड आणि माश्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या लंपी या त्वचारोगाच्या मोठ्या फैलावाची सुरुवात याच जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात नोंदली गेली आणि त्या साथीत वासरांचे हाल जास्त झाले, त्यामुळे इथे लसीची टाळाटाळ सहसा होत नाही. लाळ-खुरकूत तीन-चार महिन्यांची झाल्यावर, घटसर्प आणि फऱ्या सहा महिन्यांनंतर. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त कालवडींना आणि आयुष्यात एकदाच, चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान. या कालवडीसाठी ती मुदत १६ सप्टेंबर ते १६ जानेवारी. कानात बारा अंकी बिल्ला असला म्हणजे नोंद शोधायला अडचण येत नाही.

गायीचं पुढचं रेतन ६० दिवसांआधी नको, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात येणाऱ्या माजाला. रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी झाली, की त्याच दिवशी कॅलेंडरवर तीन तारखा लिहायच्या: आटवायची, कॅल्शियम आणि केळीचं खांब बंद करायची, आणि विण्याची. रतीबवाल्या घरांना पहिली तारीख आधीच सांगून ठेवली तर मार्चमध्ये संकोच होत नाही.